पोटाची गोळी

२०१७ सालची आषाढी एकादशी ४ जुलैला होती. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, पोटात दुखू लागले. निदान घरातल्या सर्वांनी ते पोटाचेच दुखणे मानले. दिवसभराचा आहार पाहता दुसरे काही मानण्याचे कारणही नव्हते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आईने त्यांना ऐकवली आणि नानांनी कसनुसे हसून ती मान्यही केली. ओवा आणि काळे मीठ चावून झाले, सोडा घातलेले पाणी पिऊन झाले, डाव्या कुशीवर निजून झाले. वरच्या पोटात, बरगड्यांच्या कमानीखाली, काहीतरी अडून बसले आहे एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मग एक उलटी झाली आणि आम्हाला हायसे वाटले. अपचनाच्या निदानावर जणू शिक्काच बसला. त्यांच्या कपाळावरचा घाम आईने पदराने टिपला आणि पंखा मोठा केला. पहाटे चार वाजता नानांना उभे राहता येईना, तेव्हा कुठे आम्ही गाडी काढली.

हृदयाचा खालचा पृष्ठभाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि त्या पडद्याच्या लगेच खाली जठर असते. शेजाऱ्यांच्या भिंती लागून असाव्यात आणि एकाच्या घरातला आवाज दुसऱ्याच्या घरातून आल्यासारखा वाटावा, तसे या दोघांचे आहे. हृदयाच्या खालच्या बाजूला रक्त पोचेनासे झाले की पुष्कळ रोग्यांना छातीत काहीच होत नाही. मळमळते, उलटी होते, पोटाच्या खळगीत दुखते. हे सर्व आम्हाला साताऱ्याच्या रुग्णालयाच्या बाकावर बसल्यावर समजले. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्या अडलेल्या निघाल्या आणि ११ जुलैला पुण्यात नानांची बायपास शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रियेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९६७ साली क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी पायातील शीर हृदयावर जोडण्याची जी रीत रूढ केली आणि १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासमध्ये जी भारतात प्रथम केली, तिचा आज एवढा सराव झाला आहे की सर्जन तिच्याविषयी एखाद्या कुशल सुताराच्या शांतपणे बोलतात. नानांचे हृदय त्यानंतर एकदाही कुरकुरले नाही. कुरकुरले ते पोट. आणि ते काय म्हणते आहे हे समजून घ्यायला आम्ही, म्हणजे साहित्य वाचायला शिकवण्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो असे आम्ही, सर्वस्वी अपात्र ठरलो. त्याची ही हकीगत आहे.

अतिदक्षता विभागातून खोलीत आणल्यावर पहिल्याच सकाळी सर्जन आले आणि त्यांनी स्टेथोस्कोप नानांच्या छातीवर थोडा वेळ, पण पोटावर बराच वेळ ठेवला. आम्हाला वाटले, त्यांचे लक्ष दुसरीकडे असावे. तसे नव्हते. ते आतड्यांचा आवाज ऐकत होते. भूल, वेदनाशामक म्हणून दिलेली अफूच्या कुळातली औषधे, अंथरुणाला खिळून राहणे आणि हृदय थांबवून यंत्राने रक्त खेळवले त्या काळात आतड्यांकडे झालेला तुटपुंजा पुरवठा, या सर्वांनी मिळून आतडी गप्प होतात. शरीर संकटात सापडले की ते मेंदू आणि हृदय यांची सोय पाहते आणि पहिला शिधा तोडते तो पोटाचा. बहुतेकांची आतडी दोन-चार दिवसांत पूर्ववत होतात. शंभरातल्या एकादोघांच्या बाबतीत मात्र पोटात गंभीर गुंतागुंत होते, रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याचा रक्तपुरवठाच बंद पडतो. आणि अशा रोग्यांतले बरेच, हृदय उत्तम दुरुस्त झालेले असतानाही, वाचत नाहीत.

एम.ए.च्या वर्गाला आम्ही अनेक वर्षे ‘कोरिओलेनस’ शिकवत आलो आहोत. पहिल्याच प्रवेशात बंडावर उठलेल्या रोमन नागरिकांना मेनेनिअस पोटाची गोष्ट सांगतो. सर्व अवयव पोटावर उलटतात, हे आळशी, बसून खाणारे म्हणून त्याला दूषणे देतात, आणि पोट शांतपणे उत्तर देते की मी तर कोठार आहे. जे येते ते रक्ताच्या नद्यांतून तुम्हा सगळ्यांकडे, अगदी हृदयाच्या दरबारापर्यंत, मीच पाठवतो. ही गोष्ट शिकवताना आम्ही दरवर्षी सत्ता, प्रतिनिधित्व आणि रूपकाचे राजकारण यांवर बोललो. पोटावर कधी बोललो नाही. तसे पाहिले तर आपल्याकडेही छांदोग्य उपनिषदात वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण यांच्यात श्रेष्ठ कोण म्हणून वाद लागतो; त्यात पोटाला निमंत्रणच नाही. असो.

रोज सकाळी परिचारिका येऊन विचारी, “आजोबा, मोशन झालं का?” नाना चाळीस वर्षे मराठीचे शिक्षक होते. विद्यार्थ्यांच्या वहीत ‘टाइम’ सापडला तर त्यावर लाल रेघ मारून वर ‘वेळ’ लिहिणारे. ते म्हणत, “गतीचे तीन नियम आहेत, बाळ. कुठल्या नियमाने विचारतेस?” तिला विनोद कळत नसे, आम्हाला कळे आणि आम्ही हसत असू. चौथ्या दिवशी सर्जननी मराठीत सरळ विचारले, “वायू सरला का?” तेव्हा नानांनी आमच्याकडे पाहिले, मग खिडकीकडे पाहिले, आणि म्हणाले, “येस. पास्ड.” त्यांच्या तोंडून घरगुती संभाषणात इंग्रजी क्रियापद आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. सर्जन ‘उत्तम’ म्हणाले आणि दुपारपासून पातळ पेज सुरू करायला सांगितली. आम्हाला मात्र ते इंग्रजी क्रियापद खटकायला हवे होते. ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला मराठी शब्द आहे तो एका विशिष्ट ठिकाणी परभाषेच्या आडोशाला जातो, याचा अर्थ काय, हा प्रश्न एखाद्या कादंबरीतील पात्राविषयी आम्ही नक्की विचारला असता.

आपल्या भाषेत या विषयाला आडोसे पुष्कळ आहेत. परसाकडे जाणे, बाहेर जाणे, बहिर्दिशेस जाणे. एकाही शब्दात कृती नाही; सगळ्यांत केवळ दिशा आहे. परस गेले, वाडे गेले, पण परसाकडे जाणे राहिले. याउलट पोट हा शब्द घ्या. अपराध आपण पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, लेकराला पोटाशी धरतो. धसका बसला की गोळा पोटातच येतो आणि कळकळीने बोलणाराही पोटतिडकीने बोलतो. हृदय हा संस्कृतातून आलेला पाहुणा आहे, तो कवितेत आणि शुभेच्छापत्रांत अधिक वावरतो. आणि अस्सल मराठी काळीज म्हणावे तर खाटकाच्या दुकानात काळीज मागणाऱ्याला यकृत मिळते. मराठी माणसाच्या भावनांचा पत्ता बराच काळ पोट हाच होता. वाग्भटाच्या ग्रंथाचे नाव ‘अष्टांगहृदय’, पण त्यातही उदररोगांच्या अध्यायाच्या आरंभीच तो सर्व रोगांचे मूळ मंद झालेल्या अग्नीत पाहतो. आणि ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात समर्थ शरीराच्या व्याधींची जी लांबलचक यादी देतात, ती देताना त्यांना कुठे संकोच वाटल्याचे दिसत नाही. पोटाविषयी एवढे मोकळेपणाने बोलणारी भाषा पोटातून बाहेर पडणाऱ्याविषयी मात्र एकदम घुंगट घेते.

घरी आल्यावर नानांची अन्नावरची वासना पूर्ण उडालेली होती. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे असे पुष्कळांना होते. चव बदलते, सगळे धातूसारखे लागते, दोन घासांत पोट भरते. आईला हे सांगूनही पटले नाही. तिने मऊ भात केला, त्यावर मेतकूट आणि चमचाभर तूप. तुपाला परवानगी नव्हती, पण तिच्या मते तेवढे तूप म्हणजे तूप नव्हे. नानांनी ताट सरकवले. “तांब्याची मोड चघळल्यासारखं लागतंय,” ते म्हणाले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आईच्या हाताला कधी नाव ठेवले नव्हते. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःसाठीही पान मांडले नाही, आणि ते पाहून नाना संतापले. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर बंदुकीच्या गोळीने पोटाला भोक पडलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिनच्या उघड्या जठरात विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने वर्षानुवर्षे डोकावून पाहिले आणि १८३३ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याचे एक निरीक्षण असे की रोगी रागावला की जठराचे अस्तर आणि त्याचे काम दोन्ही बिघडतात. आमच्या स्वयंपाकघराला त्यासाठी भोकाची गरज नव्हती. त्या आठवड्यात आमच्या घरी तीन माणसांचे पचन एकाच ताटावरून बिघडले होते.

मग मलावरोध. वेदनाशामके आणि लोहाच्या गोळ्या, कमी खाणे, कमी हालचाल, यांतून तो होणारच होता. त्यात नानांना भीती अशी की कुंथले तर छातीच्या हाडाला बांधलेल्या तारा तुटतील. तारा पोलादी असतात, त्या अशा तुटत नाहीत. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात आणि तोवर जोर लावू नये एवढेच खरे. पण भीतीला धातुशास्त्र कळत नाही. आमच्या जुन्या घरात उकिडवे बसण्याची सोय, म्हणून आम्ही भोक असलेली खुर्ची विकत आणली. ती पाहून नाना म्हणाले, “ही माझ्या निवृत्तीच्या समारंभात द्यायला हवी होती.” रात्री इसबगोल, सकाळी लॅक्टुलोजचे गोडमिट्ट सिरप. दार लावून ते अर्धा अर्धा तास आत बसत आणि बाहेर आले की कोणाकडे न पाहता थेट खोलीत जात. ‘झाली का’ असे विचारण्याचे काम आई करी, तेही डोळ्यांनी.

याच काळात त्यांनी एक दोनशे पानी वही घातली. डॉक्टरांनी रोजच्या नोंदी ठेवायला सांगितले होते. फूटपट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते: तारीख, रक्तदाब, नाडी, वजन आणि शेवटचा एक अरुंद रकाना, ज्यावर नुसते ‘प.’ असे अक्षर होते. त्याखाली एखाद्या दिवशी ‘१’, एखाद्या दिवशी ‘०’. ‘प.’ म्हणजे पथ्य, असा अर्थ आम्ही लावला. पाळले तर एक, मोडले तर शून्य. महाविद्यालयातून आलो की आम्ही रोज ती वही पाहत असू. नाडी ७०, नाडी ६८, रक्तदाब १२० वर ७६. ताईला पुण्याला फोन करून हे आकडे वाचून दाखवताना आमच्या आवाजात काहीसा अभिमानही असे. भेटायला येणारे सर्व जण विचारीत, “हार्ट कसं आहे?” आम्ही म्हणत असू, “हार्ट एकदम फर्स्टक्लास.”

आता गोळीचे सांगितले पाहिजे. रुग्णालयाच्या कागदावर नऊ औषधे होती. रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, नाडी संथ ठेवणारी एक, कोलेस्टेरॉलची एक, रक्तदाबाची, लघवीची, लोहाची, जीवनसत्त्वाची. आणि सर्वांत खाली, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची, पँटोप्राझोल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात औषधे संपत आली तेव्हा आम्ही ती आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, “सर, बाकी सगळ्या आहेत. ही तेवढी पोटाची गोळी उद्या येईल.” आम्ही म्हणालो, “राहू द्या. हृदयाच्या सगळ्या आहेत ना?” त्या म्हणाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही गेलो नाही. नानांनी विचारले तेव्हा ती अ‍ॅसिडिटीची होती, आता अ‍ॅसिडिटी कुठे आहे, असे काहीतरी आम्ही बोललो. या लेखात आम्ही मराठी निबंधाच्या जुन्या रीतीप्रमाणे ‘आम्ही’ म्हणत आहोत, पण या परिच्छेदातल्या ‘आम्ही’त आई नाही, ताई नाही, दुसरे कोणीही नाही.

ती गोळी कशासाठी होती हे तिच्या शेजारच्या गोळीकडे पाहिले असते तर कळले असते. अ‍ॅस्पिरिन ज्या क्रियेने रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही, त्याच क्रियेने जठराचे संरक्षक अस्तर तयार करणारी द्रव्येही रोखते. हे कोडे १९७१ साली जॉन व्हेन यांनी उलगडले आणि त्यासाठी १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे हृदयाला तारणारे आणि पोटाला मारणारे औषध एकच असते, आणि तिसरी गोळी त्या दोघांमधला समझोता असते. आम्ही समझोता रद्द केला आणि दोन्ही पक्षांना कळवलेही नाही.

त्या वर्षी गणपती २५ ऑगस्टला आले. आरतीला नाना उभे राहिले, पण ‘घालीन लोटांगण’पर्यंत पोचण्याआधीच भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक दिसत होता. थकवा, आम्ही म्हणालो. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर चालायचेच. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आईचा उपास, ती सकाळपासून ऋषीची भाजी चिरत बसली होती. माठ, अळू, सुरण, भेंडी, मक्याचे कणीस, सगळे परातीत. नाना स्नानघरातून बाहेर आले, चौकटीला धरून उभे राहिले आणि हळूहळू खाली बसले. परातीतल्या भाजीवरच ते पडायचे, आईने हात पुढे केला म्हणून वाचले. आम्ही धावत जाऊन नाडी पाहिली. ७४. त्याही क्षणी आम्हाला वाटले ते हृदयाचेच. नवी जोडलेली शीर बंद पडली असणार. आकडा चांगला असूनही तसे का वाटावे याचा विचार करण्याइतके आम्ही भानावर नव्हतो. नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असली की शरीरातले रक्त कमी होत असतानाही नाडी धावत नाही, हे आम्हाला नंतर समजावून सांगण्यात आले.

पुण्याच्या रुग्णालयात ईसीजी काढला. तो ठीक होता. तातडीच्या विभागात एक तरुण निवासी डॉक्टर होती, बोलण्यावरून मराठवाड्याकडची वाटली. तिने नानांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारले, “बाबा, संडासला काळं होतंय का?”

नाना गप्प राहिले. आम्ही उत्तर दिले, “लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी काळसर होईल असं सांगितलंच होतं.”

“लोहानं काळी होते,” ती म्हणाली, “पण चिकटत नाही. आणि वास असा नसतो. बाबा, तुम्ही सांगा.”

नानांनी आमच्याकडे वही मागितली. आम्ही ती सवयीने बरोबर घेतली होती. त्यांनी शेवटचा रकाना दाखवला आणि बोट वरून खाली फिरवले. १८ तारखेपासून ‘१’ या आकड्यापुढे एक अक्षर होते: ‘कृ.’ रोज. आठ दिवस. बाईंना काही कळेना. “कृष्णवर्ण,” नाना म्हणाले. तिला तरी कळेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “डांबरासारखी. चिकट. पाणी ओतलं तरी जात नाही.”

तिने तपासणीसाठी हातमोजा चढवला आणि आम्हाला पडद्याबाहेर जायला सांगितले.

पडद्याबाहेर आम्ही वही उघडून बसलो. ते ‘कृ.’ आम्ही आठही दिवस पाहिले होते. आमच्या वाचनात तो कृष्णपक्ष होता. श्रावण चालू आहे, नानांनी तिथीची खूण केली असेल. आता पाहू लागलो तर त्या अर्थाविरुद्ध सगळा पुरावा पानावरच होता. कृष्णपक्ष ८ ऑगस्टला लागला, आणि ८ ते १७ या दिवसांपुढे काहीच नव्हते. २१ ऑगस्टला पिठोरी अमावास्या झाली, भाद्रपद शुक्ल सुरू झाला, दारात गणपती बसले, तरी ‘कृ.’ तसेच चालू होते. आणि नाना आयुष्यात कधी कृष्ण लिहीत नसत, वद्य लिहीत. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने कवितेचा असा अर्थ लावला असता तर आम्ही त्याला संहितेकडे परत जायला सांगितले असते. रकान्याचे नावही आता दिसले. ‘प.’ म्हणजे पथ्य नव्हते, परसाकडे होते. तपासायला दिलेला प्रत्येक शब्द वाचण्याचे आम्हाला वेतन मिळते, आणि घरातले एकमेव महत्त्वाचे हस्तलिखित आम्ही फक्त आकड्यांसाठी चाळले होते.

हिमोग्लोबिन ६.८ निघाले. घरी पाठवताना ते १०.९ होते. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्यावर एन्डोस्कोपी झाली. जठरातून लहान आतड्यात शिरताच एक व्रण होता आणि त्याच्या तळाशी झिरपणारी रक्तवाहिनी. तिला दुर्बिणीतूनच चिमटा बसवला. डॉक्टरांनी औषधांची चौकशी करताना पँटोप्राझोलचे नाव घेतले, तेव्हा आम्ही म्हणालो, “ती संपली होती.” व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. त्यातला कर्ता गोळी होती.

पुढचे चार दिवस हृदयाचे डॉक्टर आणि पोटाचे डॉक्टर एकमेकांशी बोलत राहिले आणि आम्ही व्हरांड्यात ते ऐकत राहिलो. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवावी तर व्रणातून पुन्हा रक्त येण्याचे भय. बंद ठेवावी तर पायातून काढून हृदयावर जोडलेल्या शिरा गुठळीने बंद होण्याचे भय. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला खोटे पाडत नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हते. अखेर पाचव्या दिवशी अ‍ॅस्पिरिन पुन्हा सुरू झाली, क्लोपिडोग्रेल तूर्त बंद राहिली, आणि पँटोप्राझोल दुप्पट मात्रेने दिली गेली. व्रणाच्या बायोप्सीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. हा जंतू बॅरी मार्शल यांनी १९८४ साली स्वतः पिऊन जठरदाहाचा अनुभव घेतला होता आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. नानांच्या पोटात तो बहुधा बालपणापासून राहत असावा, कसल्याही सन्मानाची अपेक्षा न करता. चौदा दिवसांच्या प्रतिजैविकांनी तो गेला.

गोळीचे आम्ही नानांना रुग्णालयातच, सहाव्या दिवशी सांगितले. या वेळी कर्ता वाक्यात ठेवला. त्यांनी ऐकून घेतले. मोसंब्याच्या फोडी आई सोलून ठेवून गेली होती, त्यातली एक उचलून ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

“मी तरी कुठे सांगितलं?” ते म्हणाले.

“का नाही सांगितलंत?” आम्ही विचारले. “तुमच्याजवळ शब्द नव्हता असं तर म्हणू नका.”

“शब्द होता. तुला सांगायचा शब्द नव्हता. आईला सांगितलं असतं तर ती घाबरली असती. डॉक्टरांची तारीख सप्टेंबरची होती. वहीत लिहिलं. वाटलं, तू रोज बघतोस, विचारशील.”

आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही. नानांनी ती फोड तोंडात टाकली आणि थोड्या वेळाने, काहीसे आश्चर्याने, म्हणाले, “आंबट लागतंय.” त्या जुलैपासून एखादी गोष्ट तांब्यासारखी न लागता तिच्यासारखी लागली ती ही पहिलीच.

सप्टेंबरात घरी परतलो तेव्हा गणपती जाऊन गौरींची आरासही आवरलेली होती. आईने ऋषीची भाजी त्या वर्षापुरती शेजारी दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी वहीचे नवे पान काढले, फूटपट्टी घेतली आणि रकाने पाडले. शेवटचा रकाना या वेळी चांगला दोन बोटे रुंद होता. आम्ही महाविद्यालयाला निघण्याच्या घाईत होतो. त्यांनी हाक मारली आणि वही पुढे केली.

“वाच,” ते म्हणाले.

आम्ही डोळ्यांनी वाचू लागलो.

“मनातल्या मनात नाही. मोठ्याने.”

स्वयंपाकघरात आईच्या हातातली कपबशी थांबली. आम्ही दप्तर खांद्यावर असतानाच, तिसरीतल्या मुलासारखे उभे राहून, वाचले: “तारीख ७ सप्टेंबर. रक्तदाब ११८ वर ७४. नाडी ७०. वजन ५८. परसाकडे एकदा, पिवळसर, साफ.”

“ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे?” नानांनी विचारले.

आम्ही बरोबर आहे असे सांगितले, आणि पोटाची गोळी घेतली का असे विचारले.